राक्षसाच्या पाठीची चेन

मागच्या महिन्यात आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने मला भर बैठकीत झापलं. म्हणाला, विहाराच्या हॉलात तू पोरांना रबरी राक्षसांचे फडतूस पिक्चर दाखवतोस, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या ह्यासाठी काय? बैठकीत मला बोलायला सुचत नाही. मला सुचतं रात्रपाळीत, भट्टीसमोर. तेव्हा उत्तर इथं लिहून देतो. मित्राने रागावू नये, आणि रागावलाच तर पुढच्या अंकात लिहावं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं : असले सिनेमे अडाण्यांसाठी असतात, त्यांनी अंधश्रद्धा वाढते, आणि आपल्या पोरांकडे एवढा फुकटचा वेळ नाही. ह्यातलं पहिलं वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. आपल्या जलशांबद्दल, तमाशाबद्दल, आपल्या कवितेच्या भाषेबद्दल हेच म्हटलं गेलं. पिटातला प्रेक्षक शिट्ट्या मारतो म्हणून त्याला अक्कल नाही, असं लिहिणारे समीक्षक बाल्कनीत बसलेले होते. खाली पिटात काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आता तोच सूर आपला माणूस लावायला लागला तर सदाशिवपेठेनं काम करायचं तरी कशाला? त्यांनी सुट्टी घ्यावी.

आधी हॉलात काय घडलं ते सांगतो.

पडदा म्हणजे धुतलेली पांढरी चादर. प्रोजेक्टर उसना. सतरंजीवर पंचवीस-तीस जण. निम्मी शाळेतली पोरं, बाकीचे माझ्यासारखे पनवेलहून तळोज्याला नाहीतर कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला जाणारे. मागं भिंतीला टेकून तीन-चार आज्या. सिनेमा लावला 'रोबोट मॉन्स्टर', अमेरिकन, 1953 चा. फिल टकर नावाच्या दिग्दर्शकाने तो चार दिवसांत उरकला, खर्च 16,000 डॉलरच्या आसपास. पैसे नाहीत, मग परग्रहावरचा राक्षस आणायचा कुठून? जॉर्ज बॅरोज म्हणून एक नट होता, त्याच्याकडे स्वतःच्या मालकीचा गोरिल्लाचा पोशाख होता. तो त्याने चढवला, डोक्यावर पाणबुड्यांचं असतं तसलं गोल हेल्मेट घातलं, त्याला वर दोन एरियल. झाला राक्षस. नाव रो-मॅन. डोंगरातल्या गुहेच्या तोंडाशी उभा राहतो आणि शेजारी एक यंत्र साबणाचे बुडबुडे सोडत असतं. त्या बुडबुड्याच्या यंत्राचं नाव श्रेयनामावलीत छापलेलं आहे. खोटं सांगत नाही.

पोरं हसली. लोळून हसली. "चेन बघ, चेन बघ पाठीला!" म्हणून ओरडायला लागली. मला काही चेन दिसली नाही, पण पोरं शोधत होती. राक्षस दिसल्याबरोबर त्याची चेन शोधायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि मग पुढं बसलेली सातवीतली एक मुलगी मागं वळून मला म्हणाली, "दादा, त्याला आत उकडत नसंल का वो?"

मी थोडीफार समीक्षा वाचलेली आहे. रूपबंध, आशय, जाणीव, नेणीव, सगळं. हा प्रश्न मला कुठं भेटला नव्हता.

पुढची गंमत ऐका. ह्या रो-मॅनला वरून हुकूम येतात. त्याचा साहेब त्याच्याच ग्रहावर बसलेला. तो पडद्यावर दिसतो, दम देतो, काम का झालं नाही म्हणून विचारतो. तो दिसल्याबरोबर कळंबोलीवाला एक जण ओरडला, "आला सायेब! टार्गेट विचारतोय!" हॉल फुटला. रो-मॅनने पृथ्वीवरची सगळी माणसं मारलेली असतात, आठच उरलेली असतात. त्यातल्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो. वरून हुकूम येतो, तिलाही मार. आणि तो गोरिल्ल्याच्या पोशाखातला राक्षस ऊन खात डोंगरावर एकटाच उभा राहून स्वतःशी बोलतो : हे केलंच पाहिजे, पण होत नाही. शेवटी साहेब त्यालाच मारतो. तोवर हसणं बरंच कमी झालेलं होतं. जगातल्या सगळ्यात भिकार सिनेमांत ह्याची गणना करतात. असेल. पण हुकुमाचा ताबेदार माणूस कसा आतून चिरडतो, हे आमच्या हॉलातल्या लोकांना त्या हेल्मेटातून समजलं.

आता उकाड्याबद्दल. मी रोलिंग मिलमध्ये आहे. लाल बिलेट भट्टीतून सुटलं की सांडशीनं धरून रोलच्या तोंडाला द्यायचं. अंगात जाड एप्रन, हातमोजे, गमबूट, डोक्यावर हेल्मेट. मे महिन्यात पाळी सुटल्यावर बूट उलटा केला तर पाणी पडतं. म्हणून त्या पोरीचा प्रश्न मला लागला, आणि मी शोधायला लागलो की ह्या राक्षसांच्या आत कोण कोण होतं.

जपानी 'गोजिरा', आपण गॉडझिला म्हणतो तो, 1954 चा. आत हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख 100 किलोच्या घरातला. वर स्टुडिओचे दिवे. काही मिनिटं चाललं की माणूस बाहेर काढावा लागायचा, आणि घाम अक्षरशः पिळून काढायचे. हा माणूस 1972 पर्यंत, डझनभर सिनेमांत, तो पोशाख घालत राहिला. 2017 च्या ऑगस्टमध्ये वारला. आपल्याकडचं बघा. 'कोई मिल गया', 2003. त्यातला जादू हा परग्रहावरचा निळा प्राणी घराघरात पोचला, पोरांच्या दप्तरावर आला. आत इंद्रवदन पुरोहित हा ठेंगू नट होता. 2014 ला तो गेला. त्याचा चेहरा किती जणांनी ओळखला असता? 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 1993, आमच्या आधीच्या पिढीला रात्री झोपू देत नव्हता. त्याच्या मागं रामदास पाध्यांचे हात होते. पाध्ये नावाजले गेले, ते ठीक. पण बहुतेक राक्षस बिननावाचेच मेलेले आहेत.

आणि राक्षस निघतो कुठून? 'गोजिरा' पाण्यातून उगाच वर आलेला नाही. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'लकी ड्रॅगन' नावाची जपानी मासेमारी बोट, तीवर 23 कोळी. आकाशातून पांढरी राख पडली. बोटीवरचा रेडिओवाला आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मेला. नोव्हेंबरात सिनेमा आला, आणि तो सुरूच होतो बोटीवर, पांढऱ्या झगझगाटाने. 1956 साली अमेरिकेने हाच सिनेमा कापून, मध्ये आपला एक गोरा पत्रकार घुसवून, आपल्या लोकांना दाखवला. बॉम्बबद्दलचं बोलणं त्यात पातळ झालं. राक्षस राहिला, राक्षस करणारा पुसला गेला. आपल्याला ही युक्ती नवीन नाही.

लांब कशाला जायचं. 2017 च्याच ऑगस्टात आमच्या तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री निघाली. ज्यांनी फोटो बघितले असतील त्यांना आठवेल. कारखान्यातल्या रंगानं माखलेली, कान, शेपटी, पाठ, सगळी निळी. फोटो जगभर फिरले. प्रदूषण मंडळाने एक कारखाना बंद केला. पावसाने काही कुत्री धुऊन निघाली. कासाडी नदीत मासळी राहिली नाही म्हणून इथले कोळी वर्षानुवर्षं ओरडत होते, त्यांचा फोटो कुणी जगभर नेला नव्हता. मी तेव्हा नुकताच हेल्पर लागलो होतो. लोक काय करत होते? हसत होते. नीळकोल्ह्याची गोष्ट सांगत होते. आणि जेवणाच्या सुट्टीत एकाने मला डबा उघडता उघडता विचारलं, "काय रे, कुत्री पण तुमच्यात आली का? निळी झाली ती?"

मीही हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो. नवीन होतो, नोकरी जाईल म्हणून.

तर हसण्या-हसण्यात फरक आहे. चेन शोधणारं हसणं वेगळं आणि कुत्र्याला हसणं वेगळं. पहिलं आत कोण आहे ते विचारतं. दुसरं विचारत नाही, कारण विचारलं तर रंग कुणी सोडला तिथवर जावं लागतं. मित्रा, तू ज्याला अडाण्यांचं हसणं म्हणतोस ते आमच्या हॉलात पहिल्या जातीचं होतं.

आणि हे काम मी नवीन काढलेलं नाही. आपल्या घरात 150 वर्षांपूर्वी झालेलं आहे. जोतीरावांची 'गुलामगिरी', 1873. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात. नरसिंहाचं प्रकरण काढून वाचा. जोतीराव सांगतात की सिंहाच्या तोंडाचा देव वगैरे कुणी खांबातून निघाला नाही. तो माणूस होता. त्याने अंगातोंडाला रंग फासला, खोटे दात बसवले, खोटे केस लावले, लुगडं गुंडाळलं आणि दडून बसला. हिरण्यकश्यपू थकलेला, बेसावध, तेव्हा ह्याने वाघनखांनी त्याचं पोट फाडलं. म्हणजे काय? जोतीरावांनी चेन बघितली. सगळा देश हात जोडून बसलेला असताना एक माळी म्हणतो, अरे आत माणूस आहे, आणि त्याच्या हातात हत्यार आहे. मी ह्याला मराठीतली राक्षसपटाची पहिली समीक्षा मानतो. अभ्यासकांना हसायचं तर हसू देत. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असं बाबासाहेबांनी आपल्याकडून 1956 ला वदवून घेतलं, त्याचाही अर्थ मला असाच लागतो. त्यांच्या कपड्यांच्या पेटीत आपला माणूस कोंबू द्यायचा नाही.

माझं आजोळ महाड तालुक्यातलं. शिमग्याला गावात संकासुर निघायचा. काळा पोशाख, डोक्याला उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. तो धावला की पोरं किंचाळत पळायची आणि तो थांबला की हळूच मागनं जाऊन त्याला शिवायची. आमची वाडी धर्मांतरानंतर शिमग्यातून बाहेर पडलेली, तरी आम्ही पोरं बांधावर उभी राहून बघायचो. आई ओरडायची. मला तो आवडायचा. त्याचा गुन्हा काय ते पुष्कळ उशिरा कळलं. खाली सिंधुदुर्गाकडे दशावतारात त्याची गोष्ट दाखवतात : ह्याने वेद चोरले, म्हणून विष्णूनं त्याला मारलं. वेद चोरले! सोनं नाही, बाई नाही, राज्य नाही. वाचायला घेतलं म्हणून मारला. हे कळल्यावर मी बांधावरच्या त्या पोराला, म्हणजे मला, मनातल्या मनात म्हटलं की तू बरोबर माणसावर जीव लावला होतास.

इथं माझी एक चूक कबूल करतो, मित्राने ती दाखवली नाही तरी. दोन वर्षांपूर्वी मी मुकादमावर एक कविता लिहिली. लोकांना आवडली, वाचनाला टाळ्या पडायच्या. तीत मी मुकादमाला राक्षस म्हटलं, रावण म्हटलं. म्हणजे ज्याने आपल्याला नाडलं त्याला नाव कुणाचं दिलं? ज्यांना मारून त्यांचे सण झाले, त्यांचं. शिवी त्यांच्या पेटीतनं काढली आणि वापरली. आपल्या कवींच्या कवितांत हे जागोजाग आहे, बघा तपासून. मी ती कविता आता वाचत नाही. दुसरा शब्द सापडला की पुन्हा लिहीन. अजून सापडलेला नाही. 'मुकादम' हाच शब्द पुरेसा वाईट आहे असं कधीकधी वाटतं.

आता मित्राचा जो मुद्दा खरा आहे त्याकडे येतो. अंधश्रद्धेचा.

हिंदीत विज्ञानाचे राक्षसपट तसे थोडे. 1966 साली बलवंत दव्यांचा 'गोगोला' आला. जपान्यांना गोजिरा, तर आपल्या मुंबईला समुद्रातला गोगोला. त्याची गाणी ऐकायला मिळतात, सिनेमा बघायला मिळत नाही. 1967 ला 'चाँद पर चढाई'. माणूस चंद्रावर उतरला जुलै 1969 ला, आपला दारासिंग दोन वर्षं आधीच तिथं जाऊन कापडी राक्षसांना उचलून आपटत होता. ह्या सिनेमांत विज्ञान म्हणजे चार दिवे आणि एक खटका, पण निदान देव मध्ये येत नव्हता. दारासिंग हातानं मारायचा.

पुढं रामसे बंधू आले आणि विज्ञान गेलं. 1972 ला 'दो गज जमीन के नीचे', सगळा गोतावळा महाबळेश्वरला नेऊन थोडक्या पैशात केलेला. मग 1984 चा 'पुराना मंदिर'. सामरी हा सैतान. त्याचं मुंडकं एका पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं, आणि मुंडक्यावर पहारा कशाचा, तर त्रिशुळाचा. हे सिनेमे तालुक्याच्या टॉकीजांत, तंबूत, आपल्याच लोकांच्या तिकिटांवर चालले. मी आमच्या हॉलात 'पुराना मंदिर' लावला तेव्हा सामरीच्या डोळ्यांना पोरं हसली, नेहमीसारखी. पण त्रिशूळ चमकला, मागं संगीत चढलं, आणि हसणं बंद. मागं बसलेल्या एका आजीचा हात कपाळाकडे गेला. तिच्या घरात 1956 पासून देव नाही. तिला कळलंही नसेल हात गेला ते.

म्हणजे मित्रा, चेन शोधणारी नजर त्रिशुळापाशी आंधळी होते, हे मी डोळ्यांनी बघितलं. राक्षसाची चेन दिसते, देवाची दिसत नाही. तू म्हणतोस म्हणून दाखवणं बंद करू? मी सिनेमा थांबवला. लाईट लावला. विचारलं, हा त्रिशूळ कुणी केला असेल? शांतता. आजी माझ्याकडे बघेना. मग मंडप-डेकोरेशनच्या कामाला जाणारा एक पोरगा म्हणाला, "लाकडाचा असंल. न्हायतर पुठ्ठ्याचा. वर सिल्व्हर मारलाय. आम्ही गणपतीत दिवसाला धा करतो." लोक हसले. आजीपण हसली, पदर तोंडाला लावून. मग लाईट घालवला आणि पुढचा सिनेमा बघितला. प्रतिज्ञा एकदा म्हणून भागत नाही, हे कार्यकर्त्यांना मी काय सांगावं. पण ती आमच्या हॉलात त्या दिवशी पुठ्ठ्यावरून म्हटली गेली.

त्या सामरीबद्दल आणखी. तो करणारा नट अनिरुद्ध अगरवाल, रुरकीचा शिकलेला इंजिनिअर, आडमाप उंच. त्याच्या चेहऱ्यावर रामसेंनी सैतान बसवला. हाच माणूस 1994 च्या 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर आहे. रंग नाही, खोटे दात नाहीत. माणसाचे कपडे, हातात बंदूक, आणि समोर मल्लाहाची पोर फूलन. तो सिनेमा मी हॉलात लावणार नाही, पोरं लहान आहेत. पण तो बघितल्यावर मला सामरीची भीती कायमची संपली. सामरी बिचारा.

'अडाणी प्रेक्षक' हा शब्द मालेगावात नेऊन बघावा. तिथल्या यंत्रमाग कामगारांनी पिक्चर बघून बघून स्वतःच पिक्चर काढायला सुरुवात केली. नासिर शेखचा 'मालेगाव का सुपरमॅन'. सुपरमॅन म्हणजे परग्रहावरनं आलेला, कवटीपासून पोटरीपर्यंत ताकद. ह्यांचा सुपरमॅन शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काटकुळा, वाऱ्याने उडेल असा. 2008 ला फैझा अहमद खानने ह्या लोकांवर माहितीपट केला म्हणून जगाला कळलं. हिरवं कापड लावून उडण्याची दृश्यं घेतली. शफीक 2011 ला तोंडाच्या कॅन्सरने गेला. मी तो माहितीपट तीनदा बघितला. दिवसभर मागाच्या धडधडीत उभा राहणारा माणूस आडवा होऊन, हात पुढं करून, उडतो आहे, आणि आपल्याला हसू येतं आणि हसता हसता गळा धरतो. पोशाखाच्या आत कोण, हे लपवायची त्यांना गरजच वाटली नाही. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आत शफीक आहे.

आता ज्या सिनेमासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', 1968. जॉर्ज रोमेरो. पिट्सबर्गकडच्या जाहिरातवाल्या पोरांनी गोळा केलेले पैसे, साधारण 1,14,000 डॉलर. रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत. शुक्राकडे गेलेल्या यानातून काही किरणं पसरतात आणि मेलेले उठून जिवंतांना खायला लागतात. नाव बदलताना वितरकाकडून हक्काची ओळ छापायची राहिली, त्यामुळे सिनेमा कुणाच्याच बापाचा राहिला नाही. म्हणून तर आम्ही तो फुकट लावू शकतो. नायक ड्युएन जोन्स, काळा माणूस. भूमिका काळ्यासाठी लिहिलेली नव्हती, त्याने चांगलं काम केलं म्हणून मिळाली. एका घरात काही गोरे आणि हा एक काळा अडकलेले. बाहेर मेलेल्यांचा घेरा. हा फळ्या ठोकतो, दारं लावतो, घाबरलेल्यांना सावरतो. तळघरात दडणारा गोरा त्याच्याशी भांडतो. रात्रभर. सगळे मरतात, हा एकटा उरतो. सकाळी पोलीस आणि बंदुका घेतलेले गावकरी येतात, भुतं मारत मारत. हा खिडकीत येतो. ते त्यालाच गोळी घालतात. मग स्थिर छायाचित्रं : आकडे, ओढत नेलेलं अंग, चिता. संपला.

मार्टिन ल्यूथर किंगला 4 एप्रिल 1968 ला मारलं. सिनेमा त्याच्या आधी पुरा झाला होता, आला ऑक्टोबरात. रॉजर एबर्ट नावाच्या समीक्षकाने 1969 च्या जानेवारीत लिहून ठेवलंय की दुपारच्या खेळाला पोरं आली होती, भुतं बघून मजेत किंचाळत होती, आणि मधेच कधीतरी किंचाळणं थांबलं, थेटर गप्प झालं, एक लहान मुलगी रडत बसली. त्या माणसाने पडदा सोडून पोरांकडे बघितलं. मला अशी समीक्षा पाहिजे.

आमच्या हॉलात तेच झालं. सुरुवातीला "आला रं आला", चेन, मेकअप, सगळं. शेवटी कुणी बोलेना. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. मग तीच आजी, त्रिशूळवाली, म्हणाली, "पोरगं रातभर वाचलं होतं की रं."

तिला कुणी सांगितलं नव्हतं की तो काळा आहे म्हणजे कोण. गावानं घेरलेलं घर आपल्या लोकांना समजावून द्यावं लागत नाही. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगेंच्या घरातल्या चौघांना मारायला आलेली भुतं नव्हती, ते शेजारी होते आणि त्यांचे चेहरे ओळखीचे होते. भैयालाल एकटा उरला. सिनेमात लोक काठ्या, मशाली घेऊन राक्षस जाळायला निघतात तेव्हा बाल्कनी टाळ्या वाजवते. आमची पोरं आता त्या मशालींकडेही बघतात, कुणाच्या हातात आहेत म्हणून. हे मी त्यांना शिकवलं असं म्हणत नाही. त्या दिवशी हॉलात मीही शिकलो.

परवाच्या शनिवारी 'व्हाइट झॉम्बी' लावला, 1932 चा, तोही थोडक्या पैशांत, अकरा दिवसांत केलेला. झॉम्बी हा शब्दच हैतीचा, गुलामांच्या मुलखातला. अमेरिकेचं सैन्य 1915 पासून 1934 पर्यंत तिथं बसलेलं होतं, तेव्हाचा हा सिनेमा. त्यात बेला लुगोसीची साखरेची मिल आहे आणि मिलमध्ये कामाला सगळे मेलेले. पगार नाही, सुट्टी नाही, तक्रार नाही. लाकडी यंत्र करकरतंय, टोपल्या वाहणारी रांग चाललीय, कुणाचा डोळा हलत नाही. एक जण तोल जाऊन वरनं ऊस पिळायच्या यंत्रात पडतो. यंत्र थांबत नाही. रांगही थांबत नाही.

कोण हसलं नाही. आमच्या पाळीतला एक जण अंधारातच म्हणाला, "स्टॉपचं बटण कुठंय ह्यांचं?"

त्याच्या शेजारचा म्हणाला, "बटण असून काय करतो? वरडाय पाहिजे ना कुणीतरी."

सिनेमा पुढं चालू होता. दोघं हळू आवाजात बोलत राहिले, मागच्या वर्षी कुठल्या मिलमध्ये काय झालं ते.

पुढच्या शनिवारी 'गोजिरा' आहे. जपानी, कापलेला नाही. मित्राने यावं. सतरंजी आहे, पंखा एकच आहे.